क्राफ्टवर्कचा 'डेर काटालोग' बॉक्स: आवाज एक नंबर, पण पहिले तीन अल्बम कुठायत?

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालंल. क्राफ्टवर्क म्हणजे जर्मनीचा इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजवणारा ग्रुप, आणि 'डेर काटालोग' म्हणजे त्यांच्या अल्बमांचा एकत्र बॉक्स. बॉक्स घ्या. जर्मन आवृत्ती घ्या, इंग्लिश नको. फक्त घेतल्यावर असं समजू नका की आख्खं क्राफ्टवर्क घरात आलं, कारण बॉक्समध्ये आठ अल्बम आहेत आणि त्याच्या आधीचे तीन, ज्यात बासरी आहे, व्हायोलिन आहे, पहिल्या अल्बमवर तर खरा ड्रमर घाम गाळून वाजवायलाय, ते या लोकांनी स्वतःच दाराबाहेर ठेवलेत. आणि माझं म्हणणं असंय की हा ग्रुप काय चीज आहे हे त्या तिघांशिवाय नीट कळतच नाही.

मी परभणीचा, ऑक्टोपॅड वाजवतो. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गणपती, भीमजयंती, नांदेड हिंगोली जालना बीड, जिथं बोलावलं तिथं. हे सांगायचं कारण एवढंच की मी हे सगळं वाजवणाऱ्याच्या कानानं ऐकतो, आणि आपल्या भागात कॅसिओ आणि पॅड इतके अंगवळणी पडलेत की काडी पॅडवर पडली आणि आवाज स्पीकरमधून आला यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण एक काळ असा होता की ही वस्तू दुकानात मिळतच नव्हती, ज्याला पाहिजे त्यानं ती स्वतः बनवायची, आणि ड्युसेलडॉर्फच्या या पोरांनी तेच केलं. रेडीमेड रिदम मशीन उघडली, आतले आवाज बाहेर काढून धातूच्या चकत्यांना जोडले, हातात धातूच्या काड्या घेतल्या, काडी चकतीला टेकली की सर्किट पूर्ण आणि ठोका वाजला. १९७३ ला ग्रुपचा तालवादक वोल्फगांग फ्लूर हे असलं पॅड जर्मन टीव्हीवर उभ्यानं वाजवताना दिसतो, ग्रुप काढणाऱ्या राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडरनं पुढं त्याचं अमेरिकन पेटंटपण घेतलं, आणि रोलँडचा ऑक्टोपॅड बाजारात आला १९८५ ला. म्हणजे बारा वर्षांनी. माझं पोटपाणी ज्या वस्तूवर चालतं तिचे पूर्वज या माणसांच्या हातात होते, त्यामुळं यांच्या रेकॉर्डिंगचं काय ठेवलं आणि काय टाकलं याबद्दल मला मनापासून वाटतं.

आता बॉक्स. २००९ ला निघाला. ऑटोबान १९७४, रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी १९७५, ट्रान्स-युरोप एक्सप्रेस १९७७, मॅन-मशीन १९७८, कॉम्प्युटर वर्ल्ड १९८१, टेक्नो पॉप १९८६, द मिक्स १९९१ आणि तूर द फ्रान्स २००३, अशा आठ सीडी, पुठ्ठ्याच्या छोट्या कव्हरात, आणि सोबत एलपीच्या मापाची मोठी चित्रांची पुस्तकं. पुस्तकांत वाचायला काही नाही, कोण काय वाजवायलाय, कुठलं मशीन वापरलं, काही नाही, नुसती चित्रं. छपाई मात्र भारी आहे, कागद जाड आहे, हातात घेतलं की पैसे कुठं गेले ते कळतं.

आवाजाबद्दल बोलायचं तर मी जुन्या सीड्या आणि हा बॉक्स एकाच अ‍ॅम्पवर, एकाच हेडफोनवर मागं-पुढं लावून ऐकलं. खालचा बास घट्ट झालाय, पसरत नाही, किकचा ठोका जिथं पडायला पाहिजे तिथंच पडतो. टेपची सळसळ खूप कमी केलीय, आणि इथं माझी थोडी तक्रार आहे, कारण रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटीत ती सळसळ मला पाहिजे होती, तो अल्बमच रेडिओच्या खरखरीवर, सिग्नलवर, लहरींवर उभाय, त्याला एवढा धुवून काढायची गरज नव्हती. मॅन-मशीनला मात्र हा रिमास्टर, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची नव्यानं केलेली साफसफाई, सगळ्यात जास्त मानवलाय. निऑन लाइट्स हे गाणं रात्री हेडफोनवर ऐका, शेवटची काही मिनिटं जिथं गाणं संपून नुसत्या सुरावटी एकमेकींवर चढत जातात तिथं प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो, जुन्या सीडीत तिथं सगळं एकात एक मिसळायचं.

जर्मन का इंग्लिश यावर लोक नेहमी म्हणतात की आपल्याला जर्मन कळत नाही मग इंग्लिशच घेऊ. नका घेऊ. ऑटोबान दोन्हीत जर्मनच आहे, रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी दोन्हीत दोन्ही भाषांत आहे, तूर द फ्रान्समध्येपण खास फरक नाही, फरक पडतो तो मधल्या अल्बमना, आणि तिथं जर्मन शब्द तालात असे बसतात की पॅडवरचा ठोकाच वाटतात, इंग्लिशमध्ये तेच शब्द थोडे ओढून बसवल्यासारखे होतात. आणि एक खरं नुकसानही आहे. कॉम्प्युटर वर्ल्डच्या पहिल्या गाण्यात इंटरपोल, डॉइश बँक, एफबीआय, स्कॉटलंड यार्ड ही नावं दोन्हीत येतात, पण जर्मनमध्ये पुढं आणखी एक ओळ आहे, तिच्यात फ्लेन्सबुर्गचं नाव येतं जिथं जर्मनीतल्या वाहनचालकांच्या नोंदी ठेवतात, आणि त्यांच्या केंद्रीय गुन्हे शाखेचं येतं, आणि म्हणणं असं की आपली माहिती त्यांच्याकडं आहे. इंग्लिशमध्ये ही ओळच नाही. १९८१ सालचं गाणं आहे हे, आणि आज रेशनकार्डापासून मोबाईलच्या सिमपर्यंत सगळं एका नंबराला जोडलेलं असताना ती ओळ ऐकली की अंगावर येती. त्या एका ओळीसाठी मी जर्मन बॉक्स घेईन.

कॉम्प्युटर वर्ल्डबद्दल थांबून बोलायलाच पाहिजे, कारण माझ्यासाठी हा आठातला सगळ्यात मोठा अल्बम आहे आणि तरी जेमतेम चौतीस मिनिटांचाय. नंबर्स नावाचं गाणं आहे, त्यात वेगवेगळ्या भाषांत नुसते आकडे म्हणलेत आणि खाली एक ताल आहे. तो ताल कुठल्याही पॅडवाल्याला ऐकवा, तो लगेच बोटांनी टेबल वाजवायला लागतो. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटानं १९८२ ला प्लॅनेट रॉक काढलं त्यात ट्रान्स-युरोप एक्सप्रेसची धून आणि या नंबर्सचा ताल एकत्र आणला, तिथून पुढं हिपहॉप आणि डान्स म्युझिकमध्ये तो ताल कुठं कुठं गेला याला हिशेब नाही, आपल्या मिरवणुकीतल्या डीजेच्या कितीतरी लूपांत तो पडून आहे आणि वाजवणाऱ्याला ठाऊक नाही. पॉकेट कॅल्क्युलेटरमध्ये तर खेळण्यातलं वाद्य वापरलंय, मॅटेल कंपनीचं मुलांसाठीचं रिदम मशीन. स्टेजवर हे छोटं यंत्र घेऊन पुढं यायचे आणि समोरच्या पब्लिकला बटणं दाबू द्यायचे. त्याच १९८१ च्या दौऱ्यात मुंबईतही वाजवून गेले. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८२ ला, मुंबईतच चरणजित सिंगनं दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात रेकॉर्ड केले, रोलँडची ८०८ ही रिदम मशीन आणि ३०३ ही बास मशीन वापरून, त्याचा यांच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण ज्यांना कॉम्प्युटर वर्ल्ड आवडलं त्यांनी तो अल्बम सोडू नये.

ट्रान्स-युरोप एक्सप्रेस मी देवगिरी एक्सप्रेसमध्ये जास्त ऐकलाय, जालना ते परभणी, आणि तो तसाच ऐकावा असं माझं मत आहे. शीर्षकाचं गाणं आणि त्याला लागून येणारं मेटल ऑन मेटल. लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज, पण तालात, आणि त्या तालात एक लटका झोल आहे जो मशीनचा नाही माणसाचा आहे. वाळूजच्या एखाद्या प्रेसशॉपबाहेर उभं राहिलं की चार प्रेस वेगवेगळ्या वेगात चालायलेल्या असतात आणि मधेच एका क्षणी सगळ्या एकत्र पडतात, हुबेहूब तसं. याच गाण्याच्या दोन सेकंदांवरून जर्मनीत खटला चालू झाला. १९९७ ला मोझेस पेलहाम या निर्मात्यानं सब्रिना सेटलूरच्या गाण्यासाठी तेवढा तुकडा उचलून लूप केला, ह्युटर आणि श्नायडर कोर्टात गेले, आणि खटला इतका लांबला की युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाचा त्यावरचा निकाल २०१९ ला आला. दोन सेकंदांच्या ठोक्यासाठी वीस वर्षं भांडणारी माणसं आपल्या आवाजाला किती जपतात ते यावरून कळतं. आणि म्हणूनच मला प्रश्न पडतो की तीच माणसं आपले पहिले तीन अल्बम असे वाऱ्यावर कशी सोडतात.

कव्हरांचंही तेच झालंय. ऑटोबानच्या जुन्या जर्मन कव्हरावर एमिल शुल्टनं काढलेलं चित्र होतं, डोंगर, ऊन, रस्ता, मर्सिडीज आणि बीटल. बॉक्समध्ये निळ्या रंगावर रस्त्याची पाटी. रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटीवर जुन्या काळातला साधा रेडिओ सेट होता, आता किरणोत्साराची खूण. ट्रान्स-युरोप एक्सप्रेसवर चौघांचे फोटो होते, सूट घातलेले, केस नीट विंचरलेले, आता आगगाडी. डिझाइन म्हणून वाईट नाही, सगळी कव्हरं एकत्र मांडली तर एका कंपनीची वाटतात. पण चित्र काढणाऱ्याचा हात गेला, वाजवणाऱ्यांचे चेहरे गेले. मॅन-मशीनचं लाल कव्हर तेवढं राहिलं, चौघं एका दिशेला बघायलेत ते, त्याचं श्रेय रशियन चित्रकार एल लिसित्स्कीच्या शैलीला जातं.

तर ते तीन अल्बम.

पहिला १९७० चा, नाव नुसतं क्राफ्टवर्क, कव्हरावर रस्त्यावर ठेवतात तो शंकूसारखा ट्रॅफिक कोन. निर्माता कॉनी प्लांक, ज्याच्या हाताखालून त्या काळातलं जर्मनीतलं निम्मं चांगलं संगीत गेलंय. पहिलं गाणं रुकत्सुक. फ्लोरियानची बासरी. बासरी म्हणजे आपल्या डोक्यात जे येतं ते नाही, तो ती फुंकतो कमी आणि ठोकतो जास्त, श्वास तोडून तोडून, आवाज मशीनमधून फिरवून, एकच छोटा तुकडा परत परत, आणि मागं आंद्रेयास होमानचे ड्रम्स वेग वाढवत नेतात. हे गाणं ऐकलं की पुढं सिक्वेन्सरनं, म्हणजे ठरवलेले सूर आपोआप परत परत वाजवणाऱ्या मशीननं, जे केलं ते या माणसानं आधी फुप्फुसानं केलंय हे कळतं. शेवटच्या गाण्याला नाव लुथरच्या ख्रिसमसच्या भजनाचं आहे, आणि आत काय तर वरून खाली येणारे लांब घरंगळते सूर आणि स्फोट, सरळ विमानातून पडायलेले बॉम्ब. राल्फ आणि फ्लोरियान दोघं युद्ध संपल्यावर जन्मलेले, पण वाढले ते त्या बॉम्ब खाल्लेल्या शहरांच्या भागात. इथं ड्रम्सवर क्लाउस डिंगर आहे. असं रागावलेलं, घाबरवणारं क्राफ्टवर्क नंतर कधीच ऐकायला मिळत नाही.

दुसरा १९७२ चा, कव्हर तेच, फक्त कोन हिरवा. ड्रमर सोडून गेले होते, दोघंच उरले, मग काय करायचं तर स्वस्तातलं रिदम मशीन लावलं. क्लिंग क्लांग नावाची साडेसतरा मिनिटांची चीज आहे, तेच नाव पुढं त्यांच्या स्टुडिओला दिलं. सुरुवातीला घंटांचे आवाज, मग मशीनचा साधा ठेका आणि त्यावर बासरी, मधेच मशीनचा वेग बदलतो आणि बासरीवाला त्याच्यामागं जातो. ऑर्केस्ट्रात ज्यांनी कीबोर्डच्या ऑटो रिदमवर वाजवलंय त्यांना हे लगेच ओळखू येईल, मशीन सांगणार आणि माणूस जुळवून घेणार, ही सवय यांना इथंच लागली. बाकी अल्बम मला विस्कळीत वाटतो, दुसरी बाजू एकदा ऐकली की पुरे.

तिसरा, १९७३ चा राल्फ उंड फ्लोरियान, हा माझा जीव. जर्मन कव्हरावर दोघांचा काळापांढरा फोटो, मागच्या बाजूला स्टुडिओ. टोनगेबिर्गं मध्ये बासरीवर बासरी चढवलीय, हाइमाटक्लेंगं मध्ये पियानो आणि बासरी, इतकं शांत की संध्याकाळी गच्चीवर लावलं तर घरातले लोक विचारत येतात हे काय आहे. टांत्समुझिकमध्ये रिदम मशीन आहे आणि त्याच्यासोबत हातानं वाजवलेल्या टाळ्या आहेत. शेवटचं अनानास सिंफोनी, जवळजवळ चौदा मिनिटांचं, हवाई गिटारसारखा सूर आणि मशीनमधून बोलणारा माणसाचा आवाज, व्होकोडरचा प्रयोग इथून चालू. यात सगळं आहे जे पुढं जगाला आवडलं, पण अजून हसरं, अजून हातांनी केलेलं. मूळ एलपीसोबत एमिल शुल्टनं काढलेलं कॉमिकचं पोस्टर यायचं. आणि हा अल्बम आजतागायत अधिकृत सीडीवर नाही. तिन्हीपैकी एकही नाही. ९० च्या दशकात जर्मनोफोन नावाच्या लेबलनं परवानगीशिवाय सीड्या काढल्या, जगभर बहुतेकांनी हे अल्बम त्याच सीड्यांवर नाहीतर त्यांच्या कॉप्यांवर ऐकलेत. आवाज ठीकठाक आहे, उत्तम नाही. नवीन लोकांनी विकत घेताना लक्षात ठेवा की सीडीवर हे तीन दिसले तर ते अनधिकृतच असतात, विकणारा काहीही म्हणू द्या.

ही कडी कळल्यावर मग बॉक्समधली पहिली सीडी, ऑटोबान, वेगळीच ऐकू येते. सगळे म्हणतात इथून इलेक्ट्रॉनिक क्राफ्टवर्क सुरू झालं, आणि ते बरोबरच आहे, बावीस मिनिटांचं शीर्षकगीत, त्याचं साडेतीन मिनिटांचं छोटं रूप रेडिओवर गाजलं, अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पाचव्या नंबरापर्यंत गेला. पण कान देऊन ऐका, त्या बावीस मिनिटांत मधेच बासरी येते, गिटार येते. आणि शेवटचं मोर्गनश्पात्सियरगांग, सकाळच्या फेरफटक्याचं, त्यात पाखरं सिंथेसायझरची आहेत पण बासरी खरी आहे, पियानो खरा आहे. बॉक्समध्ये जुन्या राल्फ-फ्लोरियानचा शेवटचा अंश एवढाच उरलाय. यानंतर फ्लोरियानची बासरी जी गेली ती गेलीच.

टेक्नो पॉपकडं वळतो, इथं रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांना गंमत आहे. १९८३ ला हा अल्बम येणार म्हणून जाहीर झाला, कॅटलॉग नंबरसुद्धा पडला, मग मागं घेतला, पुन्हा पुन्हा मिक्स करत बसले आणि १९८६ ला इलेक्ट्रिक कॅफे नावानं काढला, २००९ ला बॉक्समध्ये त्याला जुनं नाव परत दिलं. इथपर्यंत छान. पण त्यात टेलिफोन कॉल हे गाणं मूळ आठ मिनिटांचं होतं, त्याच्या जागी सिंगलचं, म्हणजे एकाच गाण्याच्या सुट्या रेकॉर्डवरचं, छोटं रूप टाकलंय आणि भर म्हणून हाउस फोन हा तुकडा घातलाय जो आधी फक्त १२ इंची सिंगलवर होता. हाउस फोन मिळाल्याचा आनंद आहे, पण मूळ लांबी कापायला नको होती, कारण क्राफ्टवर्कमध्ये कार्ल बार्टोसनं मुख्य आवाजात गायलेलं हे एकमेव गाणं आहे. बार्टोस शिकलेला तालवादक, कॉन्झर्व्हेटरीतून म्हणजे संगीत महाविद्यालयातून आलेला, १९७५ पासून यांच्यासोबत, कॉम्प्युटर वर्ल्डच्या तालांत त्याचा वाटा किती हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याचं एक गाणं तरी पूर्ण ठेवायचं.

दुर्मिळ गोष्टींचं सांगायचं तर आधी एक समजून घ्या, या ग्रुपनं इतरांसारखे डेमो, टाकून दिलेली गाणी, स्टुडिओतल्या गप्पा असलं काही कधी बाहेर काढलं नाही. यांची दुर्मिळ म्हणजे वेगळ्या भाषेतली, वेगळ्या लांबीची, वेगळ्या मिक्सची तीच गाणी. पॉकेट कॅल्क्युलेटरचं जपानी रूप डेंताकू, ते तर प्रत्येकानं ऐकावं, जपानी अक्षरं त्या तालात इतकी चपखल बसलीत. शोरूम डमीजचं फ्रेंच रूप. इलेक्ट्रिक कॅफेची स्पॅनिश आवृत्ती. १९७८ ला ब्रिटनमध्ये निघालेली निऑन लाइट्सची १२ इंची जी अंधारात चमकते, ती मी एकदा पुण्यात एकाच्या घरी हातात घेऊन बघितलीय, लाइट बंद केल्यावर खरंच हिरवट उजळते. १९७३ च्या डिसेंबरातली कोहूटेक धूमकेतूवरची सिंगल, तिचीच धून पुढं ऑटोबानच्या दुसऱ्या बाजूला नव्यानं वाजवलीय, पण सिंगलमध्ये ती जास्त कच्ची आणि मला जास्त आवडती.

बॉक्समध्ये नसलेल्या दोन महत्त्वाच्या सिंगल वेगळ्या शोधाव्या लागतात. एक १९८३ ची मूळ तूर द फ्रान्स, सायकलची साखळी, धापा टाकणारा श्वास, सगळ्याचा ताल केलेला, बॉक्समधल्या २००३ च्या अल्बमवर शेवटी जे आहे ते नव्यानं वाजवलेलं आहे, मूळ नाही. दुसरी १९९९ च्या शेवटी निघालेली एक्सपो २०००, हानोव्हरच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. आणि सगळ्याच्याही आधीचं टोन फ्लोट, १९७० ला राल्फ आणि फ्लोरियानच्या आधीच्या ग्रुपचं, ऑर्गनायझेशन या नावानं, फक्त ब्रिटनमध्ये निघालेलं, पाच जण, काचा, घंटा, ढोलकं, एक आख्खी बाजू एकाच तुकड्याची. त्याला मी क्राफ्टवर्क म्हणणार नाही, पण बासरी तीच आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांच्या वर आहे. १९७१ ला काही महिने राल्फ ग्रुप सोडून गेला होता, तेव्हा फ्लोरियान, मिखाएल रोटर आणि क्लाउस डिंगर असे तिघं वाजवत होते. त्या जूनमधलं रेडिओ ब्रेमेनसाठीचं लाइव्ह रेकॉर्डिंग अनधिकृत रूपात फिरतं आणि बीट-क्लब या टीव्ही कार्यक्रमातलं एक चित्रीकरण आहे. बासरी, गिटार आणि डिंगरचा तो न थांबणारा सरळ ठोका. रोटर आणि डिंगरनं बाहेर पडून नॉय हा ग्रुप काढला आणि तो ठोका जगाला दिला. राल्फशिवायचं क्राफ्टवर्क हे असं सुसाट, धुळीनं माखलेलं होतं हे ऐकल्यावर बॉक्समधल्या स्वच्छ आवाजाबद्दलचं मत थोडं बदलतंच. अधिकृत स्वरूपात हे आलं तर मी पैशाकडं बघणार नाही.

द मिक्स ही बॉक्समधली सगळ्यात कमी वेळा लावायची सीडी. जुनी गाणी डिजिटलवर नव्यानं केली, रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीत चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा ही नावं घालून सरळ विरोधाची भूमिका घेतली ते आवडलं, बाकी मूळच बरं. २०१७ चा थ्री-डी काटालोग म्हणजे त्यांच्या कार्यक्रमांतली रेकॉर्डिंगं, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, आवाज अतिशय स्वच्छ, पण पब्लिकचा आवाज जवळजवळ काढून टाकलाय त्यामुळं लाइव्ह वाटत नाही, लाइव्ह पाहिजे तर २००५ चं मिनिमम-मॅक्सिमम घ्या. रिमिक्सेस नावाचा संग्रह २०२० ला डिजिटल आणि २०२२ ला रेकॉर्डवर आला, त्यात एक्सपोचे रिमिक्स सापडतात, ऑर्केस्ट्रावाल्यांना आणि डीजे करणाऱ्यांना कामाचा आहे. बाहेर पडलेल्यांचं ऐकायचं असेल तर बार्टोसचा २०१३ चा ऑफ द रेकॉर्ड, जुन्या वह्यांतल्या सुरावटींवर केलेला, नक्की ऐका. फ्लोरियाननं ग्रुप सोडल्यावर २०१५ ला प्लास्टिक प्रदूषणावर एक गाणं काढलं, छोटंसंच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये तो गेला.

घेण्याबद्दल. आपल्याकडं, म्हणजे संभाजीनगर, लातूर, नांदेडला दुकानात हा बॉक्स मिळेल अशी आशा ठेवू नका, बाहेरूनच मागवावा लागतो, आणि मागवताना किमतीवर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, नाहीतर पोस्टमन दारात आल्यावर धक्का बसतो. बॉक्स मोठा आणि चपटा आहे, कोपरे दबतात, विकणाऱ्याला डबल खोका घालायला आधीच सांगा. एकदम एवढे पैसे नसतील तर कॉम्प्युटर वर्ल्ड, ट्रान्स-युरोप एक्सप्रेस आणि मॅन-मशीन या तीन जर्मन सीड्या सुट्या घ्या. तेही नको असेल तर स्ट्रीमिंगवर जर्मन आवृत्त्या आहेत, शोधताना जर्मन नावानं शोधा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, निम्मा अल्बम बासमध्ये आहे तो मोबाईलला कळतच नाही, साधा वायरवाला हेडफोन चालंल.

आणि मराठवाड्यात कुणाकडं राल्फ उंड फ्लोरियानची मूळ जर्मन एलपी त्या पोस्टरसकट असेल तर सांगा. विकायला सांगत नाही. पोस्टर बघायचंय आणि एकदा तुमच्याच टर्नटेबलवर टोनगेबिर्गं ऐकायचंय, येताना चहाचं सामान मी घेऊन येतो.